भूगोलाचा प्रश्न आणि भरवेलीची खाण

शताब्दी ग्रंथासाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाचे बंधन घातले नाही, तेव्हा आयुष्यभर ज्या विषयाची खडू-फळा घेऊन चाकरी केली त्या भूगोलावरच लिहावे असे ठरविले. तेही भूगोलावर नव्हे, तर भूगोलाच्या प्रश्नावर. जगाविषयीचे सामान्य ज्ञान तपासण्याची ही रीत मराठी माणसाकडे कशी आली आणि भरवेलीसारख्या खाणीच्या गावाशी तिची गाठ कशी पडली, हे पाहण्यासारखे आहे.

निमित्त एका लहानशा प्रसंगाचे. १९७० च्या सुमारास मी सीमेपलीकडच्या, त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यातील एका शाळेत शिकवीत होतो. एका परीक्षेत प्रश्न आला, 'बालाघाट कोठे आहे?' माझ्या एका विद्यार्थ्याने लिहिले, 'वैनगंगेच्या काठी. तेथून जवळच भरवेलीला मँगनीजची खाण आहे.' मुलाचे मामा खाणीत कामाला होते, सुट्टीत तो तेथेच जात असे. परीक्षकांनी उत्तर चूक ठरविले. अपेक्षित उत्तर होते मराठवाडा व अहमदनगरच्या बाजूची बालाघाटची डोंगररांग. वास्तविक 'बाला' म्हणजे वरचा आणि 'बालाघाट' म्हणजे घाटावरचा मुलूख. वऱ्हाडातही पूर्वी पायनघाट आणि बालाघाट असे दोन भाग होते. एकच नाव तीन ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणी योग्य. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात मात्र एकच नकाशा होता.

मराठीत जगाचा भूगोल प्रश्नोत्तरांच्या रूपाने मांडण्याचा एक फार जुना आणि देखणा प्रयत्न महाराष्ट्रात झाला नाही, तर कावेरीकाठी तंजावरात झाला. तेथील भोसले घराण्यातील दुसरे सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षी राज्यकारभार कंपनी सरकारने घेतला आणि राजांकडे किल्ल्यापुरती सत्ता उरली. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजाने ग्रंथ, नकाशे आणि विद्या यांत मन घातले. सरस्वती महाल ग्रंथालयाचा आजचा लौकिक बव्हंशी त्यांच्यामुळेच आहे. त्यांच्या नावावर 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक आहे. कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरात राहणारी भविष्य सांगणारी स्त्री नायिकेपुढे येऊन आपण हिंडलेल्या डोंगरांचे आणि देशांचे वर्णन करते. सरफोजीराजांनी या भटक्या बाईच्या तोंडी आशिया, युरोप, आफ्रिका आणि अमेरिका घातली, आणि ऐकायला बसविली साक्षात इंद्राची पत्नी! श्वार्ट्झ यांचेच शिष्य असलेले तमिळ कवी वेदनायक शास्त्री यांनीही आपल्या कुरवंजीत भूगोल आणला. मराठी संहिता सरस्वती महालाने १९५० साली छापली. ज्याच्या हाती एका किल्ल्यापलीकडे भूमी उरली नव्हती त्याने सगळी पृथ्वी गाण्यात बसवावी, याचे मला नेहमी नवल वाटते. येथे भूगोलाची परीक्षा नाही, कुतूहल आहे. विचारणारीला ठाऊक नाही म्हणून ती विचारते.

परीक्षेचा भूगोल आला तो मुंबईकडून. 'दर्पण'कर्ते बाळशास्त्री जांभेकर यांनी शाळांसाठी मराठीत भूगोलाचे पुस्तक लिहिले, तेव्हा पृथ्वीचे गोलत्व समजावून देणे हेच मोठे काम होते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली प्रवेश परीक्षा झाली. तीत भाषा आणि गणित यांच्या जोडीला 'सामान्य ज्ञान' होते, आणि इतिहासाबरोबर भूगोलही त्यात मोडत असे. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. 'सामान्य ज्ञान' या शब्दाचे आपल्याकडील वजन तेव्हापासूनचे. पुढे सरकारी नोकरीची वाट त्यातूनच गेली. भूशिरे, सामुद्रधुन्या, राजधान्या आणि नद्यांची मुखे तोंडपाठ करणारी पिढ्यान्‌पिढ्यांची मुले तयार झाली. आपल्या मध्य प्रांतातील मुले पूर्वी कलकत्त्याच्या आणि नंतर अलाहाबादच्या विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. नागपूरला स्वतःचे विद्यापीठ १९२३ साली मिळाले. त्याआधी सात वर्षे, १९१६ साली, डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे काम नागपुरातच आरंभिले होते, ही गोष्ट आपल्या भागातील वाचकांनी विसरू नये.

घोकलेल्या या नावांपैकी काही नावे भरवेलीच्या मजुराच्या पगाराशी जोडलेली होती, हे मात्र पाठ्यपुस्तकाने कधी सांगितले नाही. १८५६ साली बेसेमरने पोलाद करण्याची नवी रीत काढली. ते पोलाद ठिसूळ निघे. त्यात मँगनीज घातल्यावर प्राणवायू आणि गंधक यांचा दोष जाऊन ते टिकाऊ झाले. तेव्हापासून मँगनीजवाचून पोलाद नाही. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाले आणि शतक उलटताना नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात खनिज निघू लागले. १९०३ ते १९०५ च्या दरम्यान सातपुड्यातून गोंदिया-नैनपूर-जबलपूर ही नॅरोगेज झाली आणि टेकडीवरचा काळा दगड समुद्राकडे निघाला.

जगाच्या बाजारात आपला मोठा प्रतिस्पर्धी होता कॉकेशसमधील चियातुरा. तेथला माल काळ्या समुद्रातून बाहेर पडे. १९१४ च्या महायुद्धात तुर्कस्तानने दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद केली आणि रशियाचा माल आतच अडकला. इंग्लंडच्या पोलादाच्या भट्ट्या हिंदुस्थानच्या मँगनीजकडे पाहू लागल्या. 'दार्दानेल्स कोठे आहे?' हा मॅट्रिकचा ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तर वैनगंगेच्या खोऱ्यातील खाणमालकाला पुस्तक न उघडताच ठाऊक झाले असले पाहिजे. १९३३ साली विशाखापट्टणमचे बंदर खुले झाले आणि या भागाला पूर्वेकडचा समुद्र जवळ आला. १९४८ नंतर शीतयुद्धात सोव्हिएट संघाने अमेरिकेला मँगनीज देणे जवळजवळ थांबविले, तेव्हा पुन्हा भारतीय मालाला मागणी आली. दोन महासत्तांचे बिनसले की येथे उत्खननाला जोर, असा हा मानवी भूगोल.

१९६२ साली मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी निघाली. तीत ५१ टक्के भाग केंद्र सरकार आणि मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही दोन राज्ये यांचा होता, उरलेला जुन्या विलायती कंपनीचा. १९७७ साली तोही सरकारने घेतला. कचेरी नागपुरात, सर्वांत खोल खाण भरवेलीत. पाळीचा भोंगा झाला की पिंजऱ्यातून शेकडो फूट खाली जाणारी माणसे मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी आणि गोंडी बोलतात. 'भारत मँगनीजमध्ये जगात कितवा?' या प्रश्नाचे माझ्या लहानपणी पाठ केलेले उत्तर आता चालत नाही. दक्षिण आफ्रिका, गॅबन आणि ऑस्ट्रेलिया पुढे गेले आहेत. तरीही जुनी प्रश्नोत्तरांची पुस्तके तेच उत्तर छापीत राहिली.

या मातीने जगाच्या भूगोलाला दोन शब्द दिले आहेत आणि दोन्ही गोंड समाजाच्या नावावरून आले. भूवैज्ञानिक मेडलिकॉट यांनी १८७२ च्या सुमारास मध्य हिंदुस्थानातील कोळसा असलेल्या खडकांना 'गोंडवन' म्हटले. १८८५ साली ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूस यांनी, भारत, आफ्रिका यांसारखे दक्षिणेकडील भूभाग कधी काळी जोडलेले असावेत असा तर्क करून त्या प्राचीन खंडाला 'गोंडवनभूमी' नाव दिले. जोड नेमकी कशी तुटली याविषयी झ्यूस यांचे मत पुढे टिकले नाही. खंड सरकतात हे वेगेनर यांनी १९१२ साली मांडले आणि ते मान्य व्हायला आणखी अर्धशतक गेले. नाव मात्र टिकले. दुसरा शब्द 'गोंडाइट'. आपल्याच पट्ट्यातील मँगनीजयुक्त खडकाला लुई फर्मर यांनी तो दिला. त्यांचा भारतातील मँगनीजवरचा मोठा ग्रंथ १९०९ साली निघाला. येथे पुष्कळांची चूक होते. भरवेलीचे मँगनीज गोंडवन खडकांतले आहे असे ते सांगतात. तसे नाही. हे खडक सौसर मालेतले, कँब्रियनपूर्व काळातले, म्हणजे कोळशाच्या गोंडवन खडकांहून कितीतरी प्राचीन. नाव एकाच समाजाचे, वय निराळे.

राहिला राजकीय भूगोल. बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे भाग तोडून केला गेला आणि मुख्य ठाणे बूढा या गावी बसले. पुढे गावालाच बालाघाट म्हणू लागले. १९५० साली मध्य प्रांत-वऱ्हाडचे मध्य प्रदेश झाले, तरी राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मागे राहिला आणि राजधानी एका दिवसात भोपाळला गेली. वारासिवनी, कटंगीकडच्या मराठी घरांत सोयरीक भंडारा-गोंदियाशी आणि दाखला भोपाळचा, अशी स्थिती झाली. मराठी पुस्तकाची सोय शाळेतून कमी होत गेली तसे आपल्यासारख्या वाचनालयांवरचे काम वाढले. वैनगंगेने मात्र सीमेची दखल घेतली नाही. शिवनी जिल्ह्यात उगम पावून ती बालाघाटवरून दक्षिणेला भंडाऱ्याकडे वळते, वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. महाराष्ट्रातील मुलगा तिला महाराष्ट्राची नदी म्हणून पाठ करतो, आपला मुलगा मध्य प्रदेशाची म्हणून.

त्या परीक्षेनंतर मी नकाशाची प्रत जोडून संबंधितांना पत्र लिहिले होते की दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत. पोच आली नाही. पुढच्या वर्षी प्रश्न मात्र बदलून आला : 'बालाघाटची डोंगररांग कोणत्या भागात आहे?' तो विद्यार्थी तोवर भरवेलीला मामांकडे राहायला गेला होता. त्याचा तो एक गुण राहिला तो राहिलाच.