बेसबॉल कार्डांची देवघेव आणि जेफरसन बर्डिक

१/ अमेरिकेतील बेसबॉल कार्डांचे संग्राहक आज आंतरजालावर भेटतात, जवळची जादा कार्डे टपालाने एकमेकांना धाडतात आणि त्यातून वर्षानुवर्षांची मैत्री जुळते. या देवघेवीची भाषा मात्र आंतरजालाहून पुष्कळ जुनी आहे.

२/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील तंबाखू कंपन्या सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंची चित्रे असलेली कार्डे घालू लागल्या. पाकीट चुरगळू नये आणि गिऱ्हाईक टिकावे, हा दुहेरी हेतू. पण अनेक मालिकांना नावच नव्हते. मग दूरच्या मित्राला नेमके कोणते कार्ड हवे, हे पत्रात कळवावे कसे?

३/ न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथील जेफरसन बर्डिक यांनी ही अडचण दूर केली. १९३७ मध्ये त्यांनी संग्राहकांसाठी पत्रिका सुरू केली, १९३९ मध्ये कार्डांची सूची छापली. पुढे विसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना त्यांनी 'टी' हे अक्षर दिले. १९०९ ते १९११ या काळातील एक मालिका 'टी २०६' झाली.

४/ संधिवाताने हात जखडत असतानाही त्यांनी आपला तीन लाखांहून अधिक कार्डे व छापील चित्रांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिला आणि तो स्वतः वह्यांत लावला. जानेवारी १९६३ मध्ये काम पुरे झाले. मार्चमध्ये ते निवर्तले.

५/ होनस वॅग्नर यांचे 'टी २०६' मधील दुर्मीळ कार्ड आज लाखो डॉलरना विकले जाते. बर्डिक यांनी मात्र आपला संग्रह विकला नाही, दान केला. त्यांनी दिलेली नावे आजही संग्राहकांच्या अदलाबदलीत उच्चारली जातात.