एका गव्हाच्या दोन हंड्या

जगात उत्तम स्वयंपाक कोणत्या मुलखाचा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक जण आपल्या आईच्या हाताची चव आठवून देतो. त्यामुळे हा वाद कधी मिटत नाही आणि तो मिटू नये, असेच आम्हाला वाटते. पण हल्ली या वादाला निराळेच वळण लागले आहे. कोणते जेवण चांगले हे बाजूला राहते आणि कोणते इथले, कोणते बाहेरचे याची वाटणी सुरू होते. आम्ही विश्रामबागेत राहतो, म्हणजे सांगली आणि मिरज यांच्या मधोमध. इथे शेजारी मोठ्या प्रेमाने म्हणतात, "सर, तुमचा खिचडा झकासच. पण ते खाणं अरबस्तानातलं. आमची भाकरी-आमटी इथली." आणि उर्दू शाळेतली आमची मुले 'मेरा पसंदीदा खाना' या निबंधात तेच वाक्य अभिमानाने लिहितात, 'हमारा खाना अरब से आया'. शेजारी कौतुकाने बोलतो, मुले अभिमानाने लिहितात. पण दोघेही खिचड्याला इथला मानायला तयार नाहीत.

बी.एड.ला शिकवतात की ज्ञातापासून अज्ञाताकडे जावे. म्हणून भाकरीपासूनच सुरुवात करू. ज्वारी हे मूळचे आफ्रिकेतले, सुदानकडचे धान्य. ती आपल्याकडे येऊन हजारो वर्षे झाली, म्हणून ती आपली झाली. मिरचीचे तर वयही फार नाही. कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या बेटांवर उतरला, १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या गलबतांतून मिरची या किनाऱ्यावर आली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या जेवणाचे सविस्तर प्रकरण आहे. मांडे आहेत, वडे आहेत, सळईवर भाजलेले मांसही आहे. तिखटपणासाठी मिरी आहे, मिरची नाही. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या शेजारचेच. तेव्हा संकेश्वरी मिरचीवाचून ज्याचा रंग उतरेल तो तांबडा रस्सा सोमेश्वराच्या पंगतीत वाढला असता, तर राजाने परदेशी पदार्थ म्हणूनच त्याकडे पाहिले असते. उपवासाच्या ताटातला बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हे चौघेही अमेरिकेचे. त्यांना कोणी परके म्हणत नाही आणि म्हणूही नये.

इथून बाहेर गेलेल्यांची यादीही लहान नाही. आपले वांगे इराणात बादिंगान झाले आणि अरबीत बादिंजान. शर्करेची सुक्कर झाली, पिंपळीच्या पिप्पलीवरून फिलफिल हा शब्द घडला. चिंचेला तर अरबांनी तमर-ए-हिंदी, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, असे नाव देऊन तिचा पत्ताच लिहून ठेवला. आपण त्यांच्याकडून मसाला, हलवा, खिमा हे शब्द घेतले. शंकरपाळीत शंकर नसून शक्कर आहे, हे सांगितल्यावर आमच्या शिक्षकखोलीत एकदा बराच वेळ हशा पिकला होता.

जगभर हेच दिसते. टोमॅटो अमेरिकेतून आला नसता तर इटलीचा आजचा पिझ्झा कसा दिसला असता? हंगेरीची शान असलेला पाप्रिका ही मिरचीच. जपानचा तेंपुरा त्यांनी सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीजांकडून उचलला. फ्रेंच लोकांच्या जेवणावळीला आणि मेक्सिकोच्या स्वयंपाकाला युनेस्कोने २०१० साली एकदमच वारसा म्हणून मान्यता दिली. आम्हाला अधिक आवडली ती २०२० सालची गोष्ट. एरवी एकमेकांशी फारसे न पटणाऱ्या अल्जीरिया आणि मोरोक्कोने ट्युनिशिया व मॉरिटानियाला सोबत घेऊन कुसकुस या पदार्थासाठी एकत्र अर्ज केला आणि तो मंजूर झाला. चार देशांची एक हंडी! आपल्याकडे दोन आळ्यांनाही ते जमत नाही.

आता खिचड्याकडे येतो, कारण मूळ वाद त्याचाच आहे. गहू आणि मांस एकजीव होईपर्यंत शिजवून घोटण्याची रीत फार जुनी. तिचे अरबी नाव हरीसा. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न सय्यार अल-वर्राकने आपल्या पाकग्रंथात हरीशावर वेगळे प्रकरण लिहिले. १२२६ साली मुहम्मद बिन हसन अल-बगदादीनेही ती कृती दिली. त्यानंतर अवघ्या बत्तीस वर्षांत मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले, हंडी मात्र चुलीवर राहिली. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त हरीशाचे मापच लिहून ठेवले आहे: मांस १० शेर, कुटलेला गहू ५ शेर, तूप २ शेर, मीठ अर्धा शेर आणि थोडी दालचिनी. बस्स. ना डाळ, ना मिरची. तुर्कस्तानात हाच पदार्थ केशकेक म्हणून लग्नात गावजेवणाला करतात. युनेस्कोच्या यादीत तो २०११ साली गेला. आर्मेनियाचे ख्रिस्ती लोक त्याला आजही हरीसाच म्हणतात. निजामाच्या फौजेतल्या येमेनी अरबांबरोबर तो हैदराबादेत रुजला असे मानतात, आणि हैदराबादी हलीमला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले.

म्हणजे शेजाऱ्याचे म्हणणे अर्धे खरे. पण आमच्या घरच्या खिचड्यात पडते काय ते पाहा. हरभरा, तूर, मूग, मसूर, उडीद अशा डाळी, मूठभर तांदूळ, सांगलीची हळद (तिचे मानांकन २०१८चे), कांदा-लसूण मसाला, वरून तळलेला कांदा, पुदिना आणि लिंबू. बगदादच्या त्या लेखकाला हा वाढला तर हरीसा म्हणून तो ओळखेल की नाही, शंका आहे. आणि गहू कोणता? जाणत्या बायका खपलीच मागतात.

या खपलीपाशी थोडे थांबायला हवे. ही गव्हाची अतिप्राचीन जात. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी आजचे आग्नेय तुर्कस्तान, सीरिया, इराक या पट्ट्यात माणसाने ती प्रथम पिकवली. प्राचीन मिसरची भाकर तिचीच. इटलीत तिला फार्रो म्हणतात आणि टस्कनीच्या डोंगरात तिचे सूप करतात. जगात बहुतेक ठिकाणी साध्या गव्हाने तिला हुसकावून लावले, पण सांगली, सातारा, कोल्हापूर आणि पलीकडे कर्नाटकात ती टिकली. कृष्णाकाठच्या मळ्यात उभी असलेली खपली आणि अल-वर्राकच्या मुलखातला तो पुरातन गहू एकाच घराण्यातले. मळणी केली तरी तिचे टरफल सुटत नाही. तिला पाण्याचा हात लावून, काही वेळ फडक्यात बांधून, उखळात सडावे लागते. मग पाखडून रात्रभर भिजत घालायचे. आता हे काम गिरणीत होते.

असा सडलेला गहू या भागात मुख्यतः दोन हंड्यांत जातो. एक आमचा खिचडा. दुसरी शेजाऱ्यांची गव्हाची खीर, सीमेपलीकडे जिला हुग्गी म्हणतात. गूळ, खोबरे, खसखस, सुंठ, वेलदोडे, जायफळ. सणाला, जत्रेला, लग्नाला ही खीर हवीच. गणपती पेठेत सडलेली खपली मागितली तर दुकानदाराने "खिरीला का खिचड्याला?" एवढेच विचारावे, इतक्या या दोन हंड्या जवळच्या. आणि गंमत पाहा, आशुऱ्याच्या दिवशी, म्हणजे मोहरमच्या दहाव्या तारखेला, आम्ही तिखट खिचडा करतो, पण तुर्कस्तानातले मुसलमान त्याच दिवसांत गव्हाचा गोड आशुरे रांधून घरोघर वाटतात. त्यात हरभरे, बेदाणे, सुके अंजीर असते. हजरत नूह यांच्या नौकेत उरलेल्या शिध्यातून तो प्रथम झाला अशी तिकडची आख्यायिका. चवीने पाहिले तर तो आशुरे आमच्या खिचड्यापेक्षा शेजारच्या वहिनींच्या खिरीला जवळचा. अरबस्तान कुणाच्या वाट्याला द्यायचा आणि सांगली कुणाच्या?

आमच्या जिल्ह्यात कडेगावचे उंच ताबूत प्रसिद्ध आहेत आणि त्यांना खांदा देण्यात हिंदू मंडळीही असतात. मोहरमचे गुळाचे चोंगे अनेक हिंदू घरांतून होतात. हे सारे इतके सवयीचे आहे की कोणी लिहून ठेवत नाही. लिहिले जाते ते भांडणाचे. ताटावरून होणारी वाटणी दिवसेंदिवस धारदार होत आहे, हे आम्ही वर्गातही पाहतो. डबा उघडण्याआधी मुलगा इकडेतिकडे बघतो. महाराष्ट्रात २०१५ साली बैल-वळूच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हा गरीब मोहल्ल्यांतल्या खिचड्याचा खर्च बदलला. कुठे म्हशीचे मांस आले, कुठे कोंबडी. मटण परवडेनासे झाल्यावर कुठे नुसत्या डाळींवर भागले. डाळींचा खिचडाही वाईट लागत नाही, पण तो कोणी हौसेने निवडला नव्हता.

राहता राहिली आमची निवड. पहिला क्रमांक खपलीच्या खिचड्याचा, लाकडावर शिजवून घोटणीने घोटलेल्या, कुकरातल्या नव्हे. दुसरा शेजारच्या गव्हाच्या खिरीचा, शिळी असली तर अधिकच. तिसरा केशकेकला, तो न खाता केवळ नात्याने दिला आहे. बिर्याणीला आम्ही चौथ्यावर टाकले, यावरून घरात सध्या आमच्याशी कोणी धड बोलत नाही.