एक जोडणी, अनेक खाती

पनवेलजवळच्या कामोठ्यात एकाच जोडणीतले इंटरनेट वाटून घेण्याची पद्धत रुजली ती खर्च परवडावा म्हणून. सिडकोच्या या वसाहतीत एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि हार्बर मार्गाने कामाला जाणारे भाडेकरू एका फ्लॅटमध्ये मिळून राहतात, आणि वीजबिलाबरोबर इंटरनेटचे बिलही वाटून भरतात.

वाटणीची ही रीत मात्र सायबर कॅफेच्या काळातली. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह काही महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. डायल-अपचे तास महाग होते, म्हणून कॅफेचालक एकच लाइन घेत आणि मधल्या संगणकावर विनगेटसारखा प्रॉक्सी (बाकीच्या संगणकांच्या वतीने पाने मागवणारा प्रोग्रॅम) बसवून तीच सगळ्या टेबलांना पुरवत. १९९९ साली विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत जोडणी वाटण्याची सोय आली, पण तिच्यात कोणी किती वापरले याचा हिशेब नव्हता.

तो हिशेब स्क्विडसारख्या प्रॉक्सीने ठेवला. त्याच्या नोंदवहीतल्या प्रत्येक ओळीत वेळ, मागणी करणाऱ्या संगणकाचा पत्ता, पानाचा पत्ता आणि किती बाइट गेले हे असते. शिवाय पान बाहेरून आणले (‘मिस’) की आधीच्या साठ्यातून दिले (‘हिट’) तेही. त्यामुळे एक अडचण उभी राहिली आणि वाटणीच्या हिशेबातला खरा पेच तोच आहे: साठ्यातले पान दहा जणांनी उघडले तर दहा वाटेकऱ्यांच्या उपखात्यांवर बाइट चढतात, मुख्य जोडणीवर मात्र एकदाच. उपखात्यांची बेरीज मुख्य बिलाशी जुळत नाही. ही बचत कोणाच्या वाट्याला जावी हे यंत्र ठरवत नाही, ते माणसांनी आधी ठरवावे लागते. पुढे बहुतेक संकेतस्थळे कूटबद्ध झाली, तसा हा साठा फारसा कामाचा उरला नाही.

केबलवाल्यांच्या इंटरनेटमध्ये लॉगिन पान आले. प्रत्येक ग्राहकाला नाव, पासवर्ड आणि ठरलेला कोटा मिळे. कोटा संपला की एक तर जोडणी तुटे किंवा वेग उतरे. वाटेकऱ्यांमध्ये दुसरा मार्गच बरा: एकाने महिनाअखेरीस जास्त वापरले म्हणून बाकीच्यांचे काम अडत नाही.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. त्यानंतर रोजचा डेटा सिमनिहाय मिळू लागला आणि वाटणी हॉटस्पॉटवर आली. पोस्टपेडच्या कुटुंब योजनांत मात्र मुख्य क्रमांक आणि जोडक्रमांकांची जुनी रचना टिकली.

गिगाबाइटवर विकल्या जाणाऱ्या प्रॉक्सी सेवांतही मुख्य खाते आणि उपखाती अशीच रचना असते. मुख्य खातेदार गिगाबाइट विकत घेतो, उपखाती उघडतो आणि प्रत्येकावर मर्यादा घालतो. १०० जीबी चौघांत वाटताना प्रत्येकी २५ दिले तर कोणाचेही उरलेले वाया जाऊ शकते. प्रत्येकी ४० दिले तर साठा वेळेआधी संपू शकतो. म्हणून मर्यादेबरोबरच मुख्य साठ्यात किती उरले, हा आकडा सर्व वाटेकऱ्यांना दिसावा लागतो.