सिरियल पोर्ट, दोन वाटसरू आणि एक कुलूप

१९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा त्याच्या सिरियल पोर्टमागे ८२५० ही चिप काम करीत असे. तारेवरून एकेक बिट येई. अक्षर पूर्ण झाले की चिप प्रोसेसरला इंटरप्ट देऊन ते उचलून नेण्यास सांगे. आलेले अक्षर ठेवण्यास जागा मात्र एकाचीच. ९६०० बॉड वेगाने सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे येतात. म्हणजे प्रत्येक अक्षरामागे प्रोसेसरला जेमतेम एक मिलिसेकंद मिळे. तेवढ्या वेळात अक्षर उचलले नाही, तर पुढचे त्याची जागा घेई आणि आधीचे कायमचे हरवे. पुढे १६५५०ए या चिपने १६ अक्षरांची रांग दिली आणि हा ताण हलका झाला.

दुसरी अडचण चिपमध्ये नव्हती, ड्रायव्हरमध्ये होती. इंटरप्ट हाताळणारा भाग स्मृतीतील रांगेत अक्षरे टाकतो आणि वाचणारा भाग तीच रांग रिकामी करतो. समजा, रांगेत ५ अक्षरांची नोंद आहे. वाचणाऱ्याने एक अक्षर उचलले, ५ हा आकडा पाहिला आणि तो ४ लिहिणार, एवढ्यात इंटरप्ट आला. त्याने नवे अक्षर टाकून नोंद ६ केली. परतलेल्या वाचणाऱ्याने मात्र ठरल्याप्रमाणे ४ लिहिले. रांगेत अक्षरे ५, नोंदीत ४! यालाच रेस कंडिशन म्हणतात. सामाईक वस्तूला एका वेळी एकानेच हात लावावा, हा प्रश्न एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्येच काटेकोरपणे मांडून सोडवला होता. एकच प्रोसेसर असलेल्या यंत्रात उपायही सोपा होता : क्षणभर इंटरप्ट बंद ठेवणे.

लिनक्सचा जन्म याच तारेवर झाला. १९९१ मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी मोडेमद्वारे विद्यापीठाच्या संगणकाशी जोडून घेण्यासाठी टर्मिनलचा एक प्रोग्राम लिहिला. त्यात एक काम कळफलकावरून मोडेमकडे अक्षरे नेई, तर दुसरे मोडेमकडून पडद्याकडे. त्याच प्रोग्रामचे पुढे कर्नल झाले.

१९९६ च्या २.० आवृत्तीत लिनक्स एकाहून अधिक प्रोसेसरांवर चालू लागले आणि जुना उपाय अपुरा ठरला. एका प्रोसेसरचे इंटरप्ट बंद केले, तरी शेजारचा प्रोसेसर थांबत नाही. म्हणून साऱ्या कर्नलला एकच मोठे कुलूप लावण्यात आले. पुढे त्याच्या जागी लहान लहान कुलपे आणण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. सिरियल पोर्ट ज्या टीटीवाय स्तरावर उभे आहेत, तो या कामातील सर्वांत चिवट भागांपैकी एक होता. मोठे कुलूप अखेर २०११ मध्ये, २.६.३९ या आवृत्तीत नाहीसे झाले.

मधल्या काळात, जून २००९ मध्ये, सिरियल संवादाच्या एन_एचडीएलसी या भागात एक साधी सोय आली : पाठवायची राहिलेली माहिती टाकून देण्याची. पाठवणी फसली की तो बफर एका पॉइंटरमध्ये पुन्हा पाठवण्यासाठी राखून ठेवला जाई. आता पाठवणारा आणि टाकून देणारा असे दोघे एकाच वेळी त्या पॉइंटरकडे पोहोचू शकत होते, आणि तेथे कुलूप नव्हते. परिणामी एकच बफर मोकळ्या बफरांच्या यादीत दोनदा जाई आणि पुढे त्याची स्मृती दोनदा मुक्त होई. याचा फायदा घेऊन सामान्य वापरकर्त्याला संपूर्ण यंत्राचा ताबा मिळवता येत असे; त्यासाठी खरा सिरियल पोर्टही लागत नसे. अलेक्झांडर पोपोव्ह यांनी २०१७ मध्ये हा दोष उघड केला, तोवर सुमारे पावणेआठ वर्षे लोटली होती. दुरुस्तीत तो पॉइंटरच काढून टाकण्यात आला आणि घरगुती यादीऐवजी कर्नलची प्रमाणित यादी वापरली गेली.

भारतासाठी हा परका इतिहास नाही. सी-डॅकची 'बॉस' प्रणाली लिनक्सवरच उभी आहे. मद्रास आयआयटीत 'शक्ती' प्रोसेसर घडले, आणि नव्या प्रोसेसरच्या जिवंतपणाची पहिली खूण बहुधा सिरियल कन्सोलवरील एखादी ओळच असते. असे ड्रायव्हर उद्या लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे की, असा दोष रोजच्या चाचणीत सहसा दिसत नाही. दोन वाटसरू एकाच क्षणी दाराशी यावे लागतात. म्हणून प्रत्येक सामाईक वस्तूविषयी आधीच विचारावे : हिला आणखी कोण हात लावू शकतो, आणि तेव्हा कुलूप कोणाकडे असेल?