व्हीओबी फाइलची कुळकथा

तयार डीव्हीडीतले चित्रण पुन्हा ऑथरिंग सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे डीव्हीडी रचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेणे ही उलटी वाट आहे. डीव्हीडीची रचना प्लेअरसाठी झाली. संपादकाला त्यातून काही परत हवे असेल, हा विचार त्यात नव्हता.

डीव्हीडीच्या आधीच्या, १९९३ च्या व्हीसीडीवर एमपेग-१ चित्रण साधारण ७४ मिनिटे मावे आणि संगणकावर ते एका .डॅट फाइलच्या रूपात दिसे. तिची नक्कल करणे तुलनेने सोपे होते. १९९५ साली तोशिबाचा गट आणि सोनी-फिलिप्सचा गट यांचे एका डिस्कवर एकमत झाले, आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात पहिले डीव्हीडी प्लेअर विक्रीला आले. एका थराच्या डिस्कची क्षमता ४.७ जीबी, चित्रण एमपेग-२. त्यासाठी आलेली फाइल म्हणजे व्हीओबी, अर्थात 'व्हिडिओ ऑब्जेक्ट'. चित्र, आवाज, सबटायटल आणि प्लेअरला वाट दाखवणारी माहिती तिच्यात एकत्र गुंफलेली असते.

एक व्हीओबी फाइल १ जीबीच्या पुढे जात नाही. त्यामुळे दोन तासांचे सलग चित्रण चार-पाच तुकड्यांत विभागले जाते. हे तुकडे प्रसंग पाहून नव्हे, आकार पाहून पडतात. मेनू कुठे, प्रकरण कुठे सुरू होते, कोणता तुकडा कशाला जोडायचा, याची नोंद वेगळ्या आयएफओ फाइलमध्ये असते. बीयूपी ही तिचीच राखीव प्रत. हे सगळे 'व्हिडिओ_टीएस' नावाच्या फोल्डरात राहते. म्हणून सुटी व्हीओबी उचलली की लांबी चुकीची दिसते, प्रकरणे हरवतात, कधी आवाज चित्राच्या पुढे-मागे होतो. अख्खा फोल्डर दिला, तर सॉफ्टवेअर आयएफओ वाचून मूळ क्रम लावू शकते.

तयार डिस्कमधून चित्रण परत घेण्याची गरज का पडते, ते मालवण-कुडाळकडच्या दशावताराच्या उदाहरणावरून नीट कळते. दहीकाल्याचा, म्हणजे दशावताराचा प्रयोग रात्री उशिरा गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती यांच्यापासून सुरू होतो. संकासुर येऊन जातो, मग आख्यान पहाटेपर्यंत चालते. चांगल्या दर्जाचे एवढे शूटिंग एका डिस्कवर मावत नाही, दोन-तीन लागतात. मिनी डीव्ही कॅसेट पुसून पुन्हा वापरली गेली असेल, तर डिस्क हीच मूळ प्रत उरते. मुंबईच्या चाकरमान्याला फक्त आख्यान हवे असले, तरी ते त्या डिस्कमधूनच काढावे लागते.

इथे कापण्याची खरी अडचण येते. एमपेग-२ मध्ये प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. एक पूर्ण चित्र, आणि पुढच्या चित्रांत बव्हंशी फक्त बदल, अशी मांडणी असते. पाल या टीव्ही-चित्रणाच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात आणि असा गट जास्तीत जास्त १५ चित्रांचा. त्यामुळे फेरएन्कोड न करता काप फक्त गटाच्या सुरुवातीला देता येतो. नेमका काप हवा, तर तेवढाच गट नव्याने एन्कोड करून बाकीचा जसाच्या तसा ठेवणे, हा 'स्मार्ट रेंडरिंग'चा मार्ग सर्वांत चांगला. अख्खे चित्रण पुन्हा एन्कोड केले, तर रंगवलेल्या चेहऱ्यांचे बारकावे प्रत्येक वेळी थोडे विरतात.

घरगुती ऑथरिंगला वेग आला तो २००१ मध्ये. अॅपलने त्या जानेवारीत डीव्हीडी लिहिणारा ड्राइव्ह असलेला पॉवर मॅक जी४ आणि आयडीव्हीडी आणले. पुढे जपानच्या पेगासिसच्या टीएमपीजीएन्क डीव्हीडी ऑथरसारख्या सॉफ्टवेअरनी तयार डिस्क आत घेण्याची सोय दिली.

दोन अडथळे मात्र राहिले. डीव्हीडी रेकॉर्डरवर किंवा डिस्क कॅमेऱ्यात भरलेली डिस्क 'फायनलाइज' केलेली, म्हणजे शेवटी बंद करून इतर यंत्रांना वाचता येईल अशी केलेली नसेल, तर ती संगणकाला रिकामी वाटू शकते. व्हीआर (व्हिडिओ रेकॉर्डिंग) पद्धतीने भरलेल्या डिस्कवर तर व्हीओबीऐवजी .व्हीआरओ फाइल असते. दुसरा अडथळा विकतच्या चित्रपट-नाटकांच्या डिस्कचा. त्यातल्या बऱ्याच सीएसएस नावाच्या नक्कल रोखणाऱ्या कुलपात असतात. ते कुलूप १९९९ मध्ये फुटले, तरी ऑथरिंग सॉफ्टवेअर अशा डिस्क घेत नाहीत; भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले कलम ६५-अ, हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण तोडणे गुन्हा ठरवते.

लिहिता येणाऱ्या डिस्कचा रंगद्रव्याचा थर उष्णता, ऊन आणि दमटपणाने खराब होतो. किनारपट्टीच्या हवेत हे अधिक जपावे लागते. म्हणून फोल्डर आधी हार्ड डिस्कवर उतरवतात आणि सॉफ्टवेअरमध्ये आयात तिथूनच करतात. ओरखड्यामुळे एखादा भाग वाचला गेला नाही, तर तेवढाच भाग पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करता येतो.