मातीला पाय फुटले

आमची सुपारीची वाडी श्रीवर्धनला. मृग लागायच्या आत बाबा पिंपात मोरचूद-चुन्याचं पाणी कालवायचे आणि पाडेली झाडावर चढून ते घडांवर फवारायचा. फवारणी चुकली, की कोळेरोगानं हिरवी सुपारी टपाटप गळे. त्या रोगामागचा बुरशीसारखा जीव, फायटोफ्थोरा, मला पुन्हा भेटला पश्चिम ऑस्ट्रेलियात, बँक्सियाच्या रानात. कूळ तेच, जात वेगळी: फायटोफ्थोरा सिनॅमोमी.

त्याच बँक्सियावर मधाचा पॉसम जगतो. तिथले मूळनिवासी नूंगार लोक त्याला नूलबेंजर म्हणतात. वजन जेमतेम 10 ग्रॅम. जन्मताना तर 5 मिलिग्रॅमच्या आसपास, पुढची वाढ आईच्या पोटावरच्या पिशवीत. शेपटीनं फांदी धरायची, कुंचल्यासारख्या जिभेनं मध चाटायचा. जाताना तोंडाला लागलेला पराग पुढच्या फुलाला पोचतो. झाडाचं तो घेतो तसं फेडतोही.

फायटोफ्थोरा त्याच झाडाची मुळं कुजवतो. ओल्या मातीत त्याचे बीजाणू दोन शेपट्यांनी पोहतात, पण तेवढ्यानं फार लांब जाता येत नाही. बहुधा युरोपीय वसाहतींबरोबर, रोपांच्या मुळांशी चिकटलेल्या मातीतून तो पश्चिम ऑस्ट्रेलियात आला. 1921 साली तिथली जारा या निलगिरीच्या जातीची झाडं शेंड्याकडून वाळताना दिसली. पुढच्याच वर्षी सुमात्रात दालचिनीवर हा जीव सापडला, म्हणून नाव सिनॅमोमी. पण जाराच्या मरणाशी त्याचा संबंध जुळायला 1960 चं दशक उजाडलं. मधल्या चाळीस वर्षांत लाकडाचे ट्रक, बुलडोझर, रस्त्यावर टाकलेला रोगट मुरूम यांनी त्याला रानभर फिरवलं. तिथल्या नैऋत्य भागातल्या मूळ वनस्पतींपैकी सुमारे 40 टक्के जातींना त्याची बाधा होते. स्टर्लिंग डोंगरांत बँक्सियाचे पट्टेच्या पट्टे मेले. फुलं गेली, की मधाच्या पॉसमला दुसरं अन्न नाही.

मला हे फार लागतं. पॉसम पराग नेतो तो आपल्या पायांनी, फांदीफांदीनं. फायटोफ्थोराला पाय नव्हते. ते आपण दिले.

फिट्झजेराल्ड नदीचं रान अजून बरंचसं निरोगी आहे. तिथल्या पायवाटेच्या तोंडाशी मी वाकून बुटांच्या तळांच्या खाचांतली माती ब्रशनं काढते, कणन् कण. बाबांची वेळ पावसाआधीची होती, माझी पहिल्या पावलाआधीची.