ओस किनाऱ्यावरचे पाहुणे

हाँगकाँगच्या चाय वान भागात उंच इमारतींच्या दाटीत एक बैठं कौलारू घर आहे. नाव लो उक, म्हणजे लो मंडळींचं घर. वय दोनशेहून अधिक वर्षं. त्याची कुळकथा मात्र पाया खणण्याच्या कितीतरी आधी, एका बादशाही हुकमापासून सुरू होते.

मिंग घराण्याची बाजू न सोडणाऱ्या झेंग चेंगगोंगच्या आरमाराला किनाऱ्यावरून दाणागोटा मिळू नये, म्हणून मिंगांच्या जागी आलेल्या छिंग दरबाराने १६६१-६२ मध्ये चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरची गावंच्या गावं उठवली. माणसं आत हाकलली, शेतं ओसाड पडली. १६६९ मध्ये परतीची मुभा मिळाली, तेव्हा परतणारे थोडेच उरले होते. मग पडीक जमीन कसायला बाहेरून माणसं बोलावली गेली. त्यांत हाक्का, म्हणजे ‘पाहुणी कुटुंबं’ म्हणवल्या जाणाऱ्या चिनी समाजाचे शेतकरी मोठ्या संख्येने आले. चांगली सपाट जमीन जुन्या घराण्यांकडेच राहिली; यांच्या वाट्याला डोंगरउतार आणि आडबाजूच्या खाड्या. आजच्या शेंझेनजवळच्या बाओआनमधले लो चाय वानला आले ते याच ओघात.

घर जेमतेम १२० चौरस मीटरचं. मधोमध मुख्य दालन, दोन्ही बाजूंना जुळत्या खोल्या, निजायच्या खोल्यांवर माळे, शिवाय कोठी आणि स्वयंपाकघर. खिडक्या नीट पाहाव्यात: लहान, अरुंद, चोरदरोडेखोराला आत शिरता येऊ नये अशा. हाक्का म्हटलं की चीनच्या फूजियान प्रांतातले मातीचे प्रचंड गोल वाडे आठवतात. २००८ मध्ये त्यांतले काही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही गेले. किनाऱ्यावर नव्याने बस्तान मांडणाऱ्यांना तसला वाडा कुठला परवडायला? चोरदरोडेखोरांची धास्ती मात्र तीच होती.

अशा घरांचा भार बायकांनी पेलला. हाक्का बायकांनी पाय लहान राहावेत म्हणून ते बांधून घेण्याची चिनी रीत कधी स्वीकारली नाही. काळ्या कापडाची झालर लावलेली रुंद टोपी घालून त्या शेतात राबल्या, ओझी वाहिली. या वास्तूचं कौतुक करताना त्यांचं नाव आधी घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

पुढे कारखाने आले, भराव पडला, चाय वानची जुनी हाक्का घरं एकेक करून गेली. लो उक तेवढं वाचलं. १९८९ मध्ये ते संरक्षित स्मारक ठरलं, १९९० मध्ये संग्रहालय म्हणून खुलं झालं. उचलून एखाद्या उद्यानात न नेता ते जागच्या जागी राखलं, हे फार बरं झालं. एके काळी हे घर समुद्राजवळ होतं; भरावाने किनारा किती लांब गेला, ते इथूनच मोजता येतं.